गावातल्या डासांमध्ये विषाणू कसा शोधायचा: सक्शन ट्यूबपासून प्रयोगशाळेच्या अहवालापर्यंत

श्रावणातली सकाळ. कॉलेजची सहा पोरं घेऊन एका वस्तीवर गेलो होतो. पहिल्याच घरी आजींनी उंबऱ्यातच अडवलं. "डास मारायला आलाय का मोजायला?"

"पकडून न्यायला आलोय, आजी."

"मग न्या की. सगळेच न्या."

सगळे नेता येत नाहीत, आणि नेलेले सगळे कामाचेही नसतात. कुठले डास, कुठून, कोणत्या अवस्थेत उचलायचे आणि प्रयोगशाळेच्या टेबलापर्यंत कसे पोहोचवायचे, हे नीट जमलं तरच पुढच्या महागड्या यंत्राला काही बोलता येतं. या कामात नवशिका माणूस पीसीआरला, म्हणजे जनुकाच्या प्रती वाढवून विषाणू शोधणाऱ्या चाचणीला, घाबरतो. माझा अनुभव असा की पीसीआर क्वचित फसतं. फसतो तो बर्फ, फसतं ते लेबल.

हा लेख जीवशास्त्राचे शिक्षक आणि विद्यार्थी, नगरपालिकेचे आरोग्य कर्मचारी आणि गावात काम करणाऱ्या संस्थांसाठी आहे. डास पकडणं, ओळखणं, गट पाडणं आणि गोठवून पाठवणं एवढं तालुक्याच्या पातळीवर व्यवस्थित होऊ शकतं. विषाणूची तपासणी मात्र ज्यांच्याकडे जैवसुरक्षेची सोय आणि मान्यता आहे त्यांनीच करायची. जिवंत विषाणू पेशींवर वाढवून बघण्याची हौस कॉलेजच्या प्रयोगशाळेत करू नये.

महाराष्ट्रात हे काम नवं नाही. पुण्यात १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र सुरू झालं, तीच आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. तिथेच १९६७ साली के. आर. पी. सिंग यांनी एडिस अल्बोपिक्टस या डासाच्या अळ्यांपासून पेशींची एक मालिका, म्हणजे प्रयोगशाळेत सतत वाढवत ठेवता येणाऱ्या पेशी, तयार केली. पुढे जपानच्या इगाराशींनी तिच्यातून सी ६/३६ नावाचा क्लोन वेगळा केला. डेंग्यू आणि चिकुनगुनियाचे विषाणू वाढवायला जगभरच्या प्रयोगशाळा आज त्याच पेशी वापरतात. म्हणजे ब्राझीलमध्ये कुणी डासातून विषाणू वेगळा करत असेल, तरी त्याच्या बाटलीचं मूळ पुण्यात असण्याची शक्यता बरीच आहे. हे आपल्या पोरांना सहसा कुणी सांगत नाही.

आधी प्रश्न ठरवा

"डासांत काय काय आहे ते बघू" हा प्रश्न होत नाही. डेंग्यू, चिकुनगुनिया, झिका शोधायचा तर एडिसच्या मागे लागायचं. तो दिवसा चावतो, घरात आणि घराभोवती राहतो, स्वच्छ साठवलेल्या पाण्यात वाढतो. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीच्या धानपट्ट्यात जपानी मेंदूज्वर शोधायचा तर क्युलेक्स विष्णुई गटातले डास हवेत. ते भाताच्या बांध्यांत वाढतात आणि संध्याकाळी गोठ्याकडे येतात. तो विषाणू डुकरं आणि बगळ्यांसारख्या पाणपक्ष्यांमध्ये वाढतो. गाईगुरांना हे डास भरपूर चावतात, पण गुरांच्या रक्तात विषाणू पुढच्या डासाला लागण होण्याइतका वाढत नाही. दोन्ही कामांची वेळ, जागा, सापळे सगळं वेगळं. एकाच फेरीत दोन्ही उरकायला गेलात तर दोन्ही अर्धवट राहतात.

पुढचं बहुतेक विवेचन एडिससाठी आहे, कारण शहर असो की खेडं, बहुतेकांचा प्रश्न तोच आहे. चिकुनगुनियाची साथ १९७३ साली बार्शीला आली होती, मग तीसेक वर्षं गायब होऊन २००५ च्या अखेरीस तो आजार देशात परत आला. २०२१ च्या जुलैअखेर राज्यातला पहिला झिकाचा रुग्ण पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात सापडला, आणि २०२४ च्या पावसाळ्यात पुणे शहरातच झिकाचे रुग्ण निघाले. झिका फक्त परदेशच्या बातम्यांत असतो, असं आता कुणी म्हणू शकत नाही.

परवानग्या, आणि प्रयोगशाळेचा होकार

ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेला पत्र, जिल्हा हिवताप अधिकाऱ्यांना पत्र आणि प्रत्येक घरमालकाची तोंडी का होईना संमती. हिवताप कार्यालयातले कीटक समाहारक या विषयातले मुरलेले लोक. त्यांच्याबरोबर दोन दिवस फिरलात तर पुस्तकातले दोन महिने वाचतात.

पण सगळ्यात आधी प्रयोगशाळेचा होकार घ्या. किती नमुने घेणार, कुठल्या नळीत, कुठल्या द्रावात, कोणत्या वारी, हे लेखी ठरल्याशिवाय एकही डास पकडू नका. आधी पकडून मग "आता हे कुठे पाठवू?" असं विचारणारे मी पाहिलेत. त्यांचे डास अजून फ्रीजरमध्ये आहेत.

माणसाच्या पायावर डास बसू देऊन पकडण्याची जुनी पद्धत नवख्या गटाने वापरायची नाही. ज्या विषाणूसाठी आपण निघालोय तोच चावून घेण्याचा हा प्रकार आहे.

घरांची निवड आणि अळ्यांची पाहणी

वस्तीचा हाताने काढलेला नकाशा घ्या. घरांना क्रमांक द्या, पाण्याचे हौद, टायरचं दुकान, भंगारवाला, बांधकाम, शाळा यांवर खुणा करा. एडिस फार लांब उडत नाही. बहुतेक माद्यांचं आयुष्य शे-दोनशे मीटरच्या आत जातं. म्हणून नकाशा गल्लीपर्यंत बारीक हवा.

पहिल्या फेरीत पन्नास घरं बघा. प्रत्येक पाणी धरणारी वस्तू मोजा: रांजण, हौद, ड्रम, फ्रीजमागचा ट्रे, कुंडीखालची बशी, कूलर, गच्चीवरचं उलटं पडलेलं घमेलं. अळ्या आहेत का, कोष आहेत का, दोन्ही स्वतंत्र लिहा. कोष जास्त महत्त्वाचे, कारण दोन दिवसांत त्यांचे डास होतात, तर अळ्यांमधल्या कितीतरी वाटेतच मरतात.

समजा पन्नास घरांपैकी ९ घरांत अळ्या निघाल्या, एकूण २१० भांडी पाहिली आणि १४ भांड्यांत अळ्या होत्या. मग घर निर्देशांक ९ भागिले ५० गुणिले १००, म्हणजे १८. भांडी निर्देशांक १४ भागिले २१०, म्हणजे ६.७ टक्के. ब्रेटो निर्देशांक म्हणजे शंभर घरांमागे अळ्या असलेली भांडी, तो इथे २८. जुन्या ठोकताळ्याप्रमाणे ब्रेटो ५० च्या वर गेला की धोका मोठा आणि ५ च्या खाली असला की कमी. हे आकडे दिशा दाखवतात, पण विषाणू आहे की नाही हे सांगत नाहीत. कमी निर्देशांकाच्या गल्लीतही साथ पेटू शकते.

या फेरीचा खरा उपयोग हा की सापळा कुठे लावायचा ते कळतं. शिवाय घरच्यांशी ओळख होते. अळ्या दिसल्या की लगेच भांडं ओतून द्यायला सांगू नका. मी एकदा तोंड उघडलं आणि आजींनी सुनावलं, "पाणी आठ दिसांनी येतंय. रांजण काय ओढ्यात ओतू?" बरोबरच आहे त्यांचं. कापड बांधून रांजण झाकता येतो, पाणी आलं की रिकामा करून आतून घासता येतो. घासणं महत्त्वाचं, कारण एडिसची अंडी पाण्याच्या कडेला भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही महिनोन्महिने जिवंत राहतात.

डास पकडणं

हा भाग सावकाश वाचा. निम्मं यश इथेच ठरतं.

सगळ्यात साधं हत्यार म्हणजे सक्शन ट्यूब. काचेची किंवा पारदर्शक प्लास्टिकची नळी, तिला रबरी नळी आणि दोन्हींच्या मध्ये बारीक जाळी. तोंडाने ओढायची जुनी नळी वापरायचीच असेल तर जाळीच्या पुढे सूक्ष्म कणांचा फिल्टर हवाच, नाहीतर डासांच्या पंखांचे खवले आणि आणखी काय काय छातीत जातं. बॅटरीवर चालणारी ओढणी मिळाली तर उत्तम.

घरात शिरल्यावर पाच मिनिटं काही करू नका. दिवा लावू नका, पंखा चालू असेल तर बंद करायला सांगा आणि डोळे अंधाराला सरावू द्या. मग टॉर्च भिंतीला तिरपा धरून खालून वर बघत जा. एडिस इजिप्तीला अंधारी, दमट आणि ठेंगणी जागा आवडते. कॉटखाली, खुंटीवरच्या कपड्यांच्या मागे, चपलांच्या रॅकमध्ये, देवघराच्या खालच्या कप्प्यात, मोरीच्या कोपऱ्यात, शिवणयंत्राच्या पायट्याशी. बहुतेक माद्या माझ्या छातीच्या खालीच सापडल्या आहेत. छताकडे बघत बसणारा नवखा माणूस रिकाम्या हाताने परततो. डास दिसला की नळी समोरून नेऊ नका. बाजूने, भिंतीला घासत न्या आणि एकच छोटा श्वास ओढा.

एका घराला पंधरा मिनिटं, जास्त नाही. किती जणांनी किती वेळ शोधलं ते लिहून ठेवा. दोघांनी तीन तास शोधून २७ माद्या मिळाल्या तर दर मनुष्य-तासाला ४.५. पुढच्या महिन्याशी तुलना याच आकड्याने होते. एकूण किती पकडले हे मिरवायला ठीक, तुलनेला निरुपयोगी.

सकाळी लवकर आणि दिवस मावळायच्या आधीचे दोन तास एडिस जास्त हलतो. विसावलेले डास मात्र दिवसभरात कधीही सापडतात.

सापळ्यांमध्ये एडिससाठी बीजी-सेंटिनेल चांगला. पांढरी कापडी बादली, मधोमध काळं नरसाळं, आत पंखा आणि माणसाच्या त्वचेच्या वासाची नक्कल करणारी पुडी. तो सावलीत, वाऱ्यापासून आडोशाला, जमिनीवर ठेवायचा आणि चोवीस तास चालू द्यायचा. बारा व्होल्टची बॅटरी लागते. आदल्या रात्री ती चार्ज झाली आहे याची खात्री हाताने करायची, तोंडाने विचारून नाही.

आमचा पहिला सापळा सकाळी उघडला तेव्हा पिशवीत डासांचे पायच तेवढे राहिले होते. रात्रीत मुंग्यांनी जेवण उरकलं होतं. तेव्हापासून जमिनीवरच्या सापळ्याखाली पाण्याची परात आणि टांगलेल्या सापळ्याच्या दोरीला ग्रीसचं बोट, हे आमच्या यादीत पहिल्या क्रमांकावर आहे. परातीतलं पाणी रोज ओतायचं, नाहीतर आपणच डास वाढवायला लागतो.

गोठ्याजवळच्या क्युलेक्ससाठी प्रकाश सापळा साधारण दीड मीटर उंचीवर संध्याकाळी टांगतात आणि सकाळी उतरवतात.

अंड्यांचा सापळा तर घरीच होतो. अर्धा लिटरचा प्लास्टिकचा मग बाहेरून काळा रंगवा, त्यात गवत भिजवलेलं पाणी घाला आणि कडेला खरखरीत कागदाची किंवा सुती कापडाची पट्टी लावा. मादी त्या ओल्या पट्टीवर अंडी घालते. आठवडा होण्याच्या आत पट्टी काढलीच पाहिजे. विसरलात तर तुमच्या नावाचा मग गावात डास सोडतो. अंड्यांमुळे हे कळतं की एडिस आहे का आणि वाढतोय का. विषाणूसाठी ती क्वचितच पाठवतात, फक्त आईकडून पिल्लांत विषाणू उतरतो का हे बघायचं असेल तेव्हा.

पकडणाऱ्यांनी पूर्ण बाह्या, पायात मोजे आणि डासांना दूर ठेवणारं डीट असलेलं मलम वापरायचं. पुढच्या दोन आठवड्यांत कुणाला ताप आला तर अंगावर काढायचा नाही. डॉक्टरांना आपण हे काम करतो असं आधी सांगायचं.

गार पाटावर ओळख

डास मारायला क्लोरोफॉर्म किंवा ईथर वापरू नका. डेंग्यू, झिका, चिकुनगुनिया या सगळ्यांच्या विषाणूंना स्निग्ध आवरण असतं आणि असले द्राव ते विरघळवतात. पुढे जिवंत विषाणू वेगळा करायचा झाला तर तो हाती लागणार नाही. थंडीच वापरा. नळ्या बर्फाच्या पेटीत ठेवल्या की डास काही मिनिटांत सुस्तावतात, उणे वीसच्या फ्रीजरमध्ये दहा-पंधरा मिनिटांत संपतात.

मग बर्फावर स्टीलचं ताट, ताटावर काचेची पेट्री डिश आणि तिच्यावर डास. टेबलावर तसेच पसरून गप्पा मारत ओळखत बसायचं नाही. या विषाणूंची जनुकं आरएनएची असतात, पीसीआर तेच शोधतं, आणि आरएनए फार नाजूक असतं. उष्णतेने तर बिघडतंच, शिवाय आपल्या बोटांवरची विकरं ते खाऊन टाकतात. हातमोजे घाला आणि चिमटा प्रत्येक गटानंतर पुसा.

नर-मादी आधी वेगळे करा. नराच्या मिशा पिसासारख्या झुबकेदार, मादीच्या विरळ केसांच्या. मग जात ओळखा. एडिस इजिप्तीच्या छातीवर पांढऱ्या खवल्यांची तंतुवाद्यासारखी आकृती असते: दोन बाजूंना दोन वळलेल्या रेघा आणि मध्ये दोन बारीक उभ्या. अल्बोपिक्टसच्या छातीवर मधोमध एकच ठळक पांढरी रेघ. एडिस व्हिटॅटस कातळातल्या डबक्यांजवळ सापडतो, त्याच्या छातीवर पांढऱ्या ठिपक्यांच्या तीन जोड्या असतात. पायांवर पांढरे पट्टे तिघांनाही, त्यामुळे 'पाय पट्ट्याचे म्हणजे डेंग्यूचा डास' हा गावातला नियम अर्धाच खरा. आणखी एक फसवा गडी म्हणजे आर्मिजेरिस. मोठा, काळपट, सोंड खाली वाकलेली, शोषखड्ड्यांच्या आसपास भरपूर. लोक त्यालाच 'मोठा डेंग्यूवाला' म्हणतात. तो बाजूला काढा.

आता पोट बघा, कारण अहवालाचा अर्थ पुढे पोटावर ठरतो. लाल भरलेलं पोट म्हणजे मादीने आत्ताच रक्त प्यायलंय. ते रक्त तापाच्या रुग्णाचं असेल तर विषाणू त्या रक्तातच असू शकतो, डासाला लागण झालेलीच नसेल. डेंग्यूचा विषाणू पोटातून लाळग्रंथीपर्यंत पोहोचायला आठ ते बारा दिवस लागतात. तोपर्यंत ती मादी तो आजार पसरवू शकत नाही. म्हणून रक्त प्यायलेल्या माद्या वेगळ्या नळीत ठेवा. रिकाम्या पोटाच्या आणि अंड्यांनी भरलेल्या माद्या एका नळीत चालतील. सगळ्या एकत्र करून मिळालेला पॉझिटिव्ह निकाल दाखवायला छान, पण सांगत काहीच नाही. प्रयोगशाळेची तयारी असेल तर पोट वेगळं काढून फक्त डोकं आणि छाती तपासतात. तिथे विषाणू सापडला तर तो पोटाबाहेर पसरला आहे हे नक्की.

पूल बांधणं (नदीवरचा नव्हे)

एकेक डास तपासणं परवडत नाही. म्हणून एका जातीचे, एका लिंगाचे, एका जागेचे आणि एका तारखेचे डास एका नळीत घालतात. त्याला सगळे पूलच म्हणतात. एका पुलात २५ च्या वर जाऊ नका. काही ठिकाणी ५० पर्यंत घालतात, पण गर्दी वाढली की डासांच्या अंगातलेच घटक पीसीआर अडवायला लागतात. नरांचा पूल वेगळा. नर रक्त पीत नाहीत. तेव्हा नरांच्या पुलात विषाणू निघाला तर तो बहुधा आईकडूनच आलाय, आणि तो निकाल वेगळ्याच महत्त्वाचा.

नळी दोन मिलिलिटरची, आट्याच्या झाकणाची. दाबून लावायचं झाकण गोठल्यावर उडतं. लेबल पेन्सिलने लिहा. बॉलपेनची शाई बर्फाच्या ओलाव्यात पसरते आणि १२ ऑगस्टचे डास ७२ ऑगस्टचे होतात. एक चिठ्ठी नळीवर, तीच नोंद वहीत आणि वहीचा फोटो मोबाइलमध्ये. आमचा संकेत असा: वस्ती, घर किंवा सापळ्याचा क्रमांक, तारीख, जात, लिंग, पोटाची अवस्था, संख्या. म्हणजे 'खाव-०७-१२०८-इजि-मा-रि-१८'. खालची वस्ती, सातवं घर, १२ ऑगस्ट, इजिप्ती, मादी, रिकामं पोट, अठरा. संख्या विसरू नका. तिच्याशिवाय शेवटचं गणितच होत नाही.

बर्फ, आणि आमची एक फजिती

आदर्श सोय म्हणजे द्रवरूप नायट्रोजन किंवा कोरडा बर्फ, आणि मग उणे ऐंशीचा फ्रीजर. तालुक्याला ते नसतं. मग दोन मार्ग उरतात. लसीच्या कॅरियरमध्ये बर्फाच्या पॅकमध्ये ठेवून त्याच दिवशी काही तासांत पोहोचवा. नाहीतर प्रयोगशाळेने दिलेल्या द्रावात डास बुडवा. आरएनए टिकवणारे द्राव असतात, आणि विषाणू मारून आरएनए मोकळं करणारेही. दुसऱ्या प्रकारात वाहतूक सुरक्षित होते, पण त्या नमुन्यातून जिवंत विषाणू कधीच मिळणार नाही. कोणता वापरायचा हे प्रयोगशाळाच ठरवते.

गोठवलेला नमुना पुन्हा पुन्हा वितळू देऊ नका. तीन आवरणांत पाठवा: आट्याची नळी, तिच्याभोवती टिपकागद घालून गळती न होणारा डबा आणि बाहेर टणक पेटी. पेटीवर कुणाला फोन करायचा ते लिहा.

एका वर्षी पोळ्याच्या सुट्टीत आमच्या फ्रीजरची वीज गेली आणि आली. कुणाच्या लक्षात आलं नाही. परतलो तेव्हा सगळं टणक गोठलेलं होतं, म्हणून नमुने पाठवले. एकेचाळीस नळ्या. प्रयोगशाळेने कळवलं की विषाणू तर नाहीच, पण डासाचं स्वतःचं आरएनएही जवळपास मिळत नाही, तेव्हा याला निगेटिव्ह म्हणता येणार नाही. अख्खा महिना वाया. आता फ्रीजरमध्ये एका पेल्यात गोठवलेलं पाणी आणि वर एक रुपयाचं नाणं असतं. मधल्या काळात पाणी वितळलं तर नाणं तळाशी जातं. 'सापडला नाही' आणि 'तपासताच आला नाही' यांतला फरक आम्हाला त्या नाण्याइतका नीट कुणीच शिकवला नाही.

प्रयोगशाळेत काय होतं

हे तुम्ही करणार नसलात तरी माहीत हवं, नाहीतर अहवाल वाचता येत नाही.

पुलातले डास थंड द्रावात बारीक मण्यांबरोबर हलवून कुटतात, फिरवून गाळ खाली बसवतात आणि वरच्या पाण्यातून आरएनए काढतात. मग रिअल-टाइम आरटी-पीसीआर. यंत्र प्रत्येक फेरीत प्रती दुप्पट करत जातं आणि कितव्या फेरीत चमक दिसली तो आकडा म्हणजे सीटी. सीटी लहान तितका विषाणू जास्त. साधारण ३.३ फेऱ्यांचा फरक म्हणजे दहापट. सीटी १८ आला तर शंका नाही. ३८ आला तर जल्लोष करू नका, चाचणी पुन्हा करायला सांगा, शक्यतो विषाणूच्या दुसऱ्या जनुकावर.

अहवालात तीन गोष्टी शोधा. डासाचं स्वतःचं जनुक सापडलं का, म्हणजे नमुना जिवात होता का. प्रयोगशाळेत वाढवलेल्या निरोगी डासांचा पूल निगेटिव्ह आला का, म्हणजे भेसळ झाली नाही ना. आणि माहीत असलेला पॉझिटिव्ह नमुना पॉझिटिव्ह आला का. या तिन्हींविना आलेल्या निकालावर मी सही करणार नाही.

आणखी एक खाच. डेंग्यू, झिका, जपानी मेंदूज्वर एका कुळातले, चिकुनगुनिया वेगळ्या कुळातला. एका कुळाची चाचणी दुसऱ्याला पकडत नाही, त्यामुळे कशासाठी तपासलं ते विचारा. शिवाय त्या पहिल्या कुळात काही विषाणू फक्त कीटकांचे असतात, माणसाला काही करत नाहीत. अख्ख्या कुळासाठीची ढोबळ चाचणी वापरली तर तेही चमकतात. अशा वेळी जनुकाचा क्रम वाचून खात्री करावी लागते.

रुग्णाच्या रक्तात विषाणूचं एनएस१ हे प्रथिन शोधणारं डेंग्यू किट डासांच्या अर्कावर वापरून पाहिलं गेलंय आणि ते चालतं. पण त्याची संवेदनशीलता पीसीआरएवढी नाही, आणि किटवर जो उपयोग छापलाय तो माणसासाठीचा आहे. चाळणी म्हणून ठीक. पीसीआरसारख्याच जनुकाच्या प्रती वाढवणारी, पण साठ-पासष्ट अंशांच्या एकाच तापमानावर चालणारी लॅम्प चाचणी खेड्यात नेता येते. ऑस्ट्रेलियात तर डासांना मध लावलेल्या खास कागदावर लाळ टाकू देतात आणि तो कागदच तपासतात, डास गोठवायची कटकटच नाही. ही युक्ती मला फार आवडते.

आकडा काढणं, आणि त्याला न भुलणं

समजा हंगामात १२४० माद्या ६२ पुलांत तपासल्या आणि तीन पूल पॉझिटिव्ह आले. ३ भागिले १२४० गुणिले १०००, म्हणजे दर हजारी २.४. याला किमान लागण दर म्हणतात. किमान, कारण पॉझिटिव्ह पुलात एकच बाधित डास होता असं आपण धरून चालतो. पूल लहानमोठे असतील किंवा बरेचसे पॉझिटिव्ह आले तर संख्याशास्त्राची दुसरी रीत लागते. ती कुणा जाणकाराकडून करून घ्या.

आता उलट बाजू. समजा गावात हजारात एक मादी बाधित आहे आणि तुम्ही शंभरच तपासल्या. त्यांत एक तरी बाधित सापडण्याची शक्यता फक्त साडेनऊ टक्के. पंच्याण्णव टक्के खात्री हवी असेल तर जवळपास तीन हजार माद्या लागतात, म्हणजे पंचवीसचे १२० पूल. म्हणून चार घरांतले साठ डास तपासून "आमच्या गावात डेंग्यूचा विषाणू नाही" असं फलकावर लिहू नका. उलटही तेच. चाळीस डासांतला एक पूल पॉझिटिव्ह आला तर दर हजारी २५ येतो, तो आकडा वर्तमानपत्राला देऊ नका. किती तपासले ते आधी बोला.

पॉझिटिव्ह आल्यावर

पहिला फोन जिल्हा हिवताप अधिकारी किंवा पालिकेच्या आरोग्य विभागाला. व्हॉट्सॲपच्या गटावर एक शब्द नाही. त्या घराभोवतीच्या गल्ल्यांमध्ये आशाताईंकडून तापाची चौकशी, तापाच्या रुग्णांचे रक्तनमुने, भांडी रिकामी करून घासणं, आणि विभागाने ठरवलं तर घरात फवारणी, हे त्याच आठवड्यात व्हायला हवं. झिका असेल तर गरोदर बायकांची यादी आधी.

घराचा क्रमांक जाहीर करू नका. एका वस्तीत नुसती कुजबूज पसरली आणि लोकांनी त्या घरचं दूध घेणं बंद केलं. डास शेजारच्या हौदातले होते. सांगायचं तर गल्लीपुरतं सांगा, आणि सांगायला स्वतः जा.

निगेटिव्ह आलं तरी घरोघर जाऊन सांगा. आजींना मी सांगितलं की तुमच्याकडचे अठरा डास तपासले, काही निघालं नाही. "बाकीच्यांचं काय?" त्या म्हणाल्या. कुठल्याही तज्ज्ञ समितीने याहून नेमका प्रश्न मला विचारलेला नाही.

शेवटचं काम प्रयोगशाळेशी बोलून करायचं. प्रत्येक पुलाच्या अर्कातला थोडा भाग उणे ऐंशीत जपून ठेवायला सांगा आणि तुमची वही त्याच संकेतांसह त्यांच्याकडे द्या. पुढच्या वर्षी एखादा नवा विषाणू जिल्ह्यात निघाला, तर तो आधीपासून होता का हे त्या जुन्या नळ्यांतूनच बघता येतं. त्यासाठी नळीवरची पेन्सिल तोवर वाचता यायला हवी.